पावशाच्या तीन पहाटा

ही हकिकत लिहायची मी आजवर टाळली. विसरलो म्हणून नव्हे. दरवर्षी उन्हाळा उतरणीला लागला की ती आपोआप आठवते आणि दरवर्षी मी दुसरंच काहीतरी काम काढून बसतो. एका वर्षी परसातलं कुंपण पुन्हा बांधलं, तेही उलट्या बाजूने. एका वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, जे आणखी दोन वर्षं थांबलं असतं असं डॉक्टरच म्हणाले होते. आता दुसरा डोळाही झाला, कुंपण धड उभं आहे आणि टाळायला हाताशी काही उरलेलं नाही.

शिवाय परिस्थितीच अशी झाली आहे की गप्प राहणं हास्यास्पद वाटतं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी लोणावळ्याच्या आसपासच्या रानात शनिवार-रविवारी पाहुण्यांना पक्षी दाखवत फिरतो. लोक मला पक्षीकाका म्हणतात. फेरी संपली की चहाच्या वेळी कुणीतरी आग्रह करतं, मी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून पावशाचा आवाज काढतो आणि मंडळी टाळ्या वाजवतात. मागच्या वर्षी नातवाने मोबाइल पुढे धरला. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं काहीतरी त्यात आहे. मी ओंजळ धरली, आवाज काढला आणि क्षणात पडद्यावर पावशाचं चित्र झळकलं. नातू नाचायला लागला. मी खुर्चीवर बसलो. एवढं शिकलेलं यंत्र फसतं, तर गेनू तात्यांचं काय चुकलं होतं?

पावशा काय ओरडतो हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणत तो एकेक सूर वर चढवत नेतो, जणू खालची माणसं बहिरी आहेत, आणि अगदी टिपेला पोहोचला की रागावल्यासारखा एकदम थांबतो. आमच्याकडच्या एका रिसॉर्टचा व्यवस्थापक परमुलखातला आहे. मी त्याला हे समजावून दिलं तर तो बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, त्याला तसं काहीच ऐकू येत नाही, नुसता पक्षी ऐकू येतो. मला त्याचा हेवा वाटला.

आमचं घर औंढ्याला. आता तिथे पोहण्याचे निळे तलाव असलेले बंगले आहेत, तेव्हा भातखाचरं होती आणि खाचरांच्या वर रान. घरात आई, भाऊ म्हणजे माझे वडील, मी, एक गाय आणि दोन बैल. बैलांचा मान माझ्या वरचा होता. घराला दिवसभर आवाज असे: जात्याची घरघर, गायीच्या गळ्यातली घंटा, आणि आईचं बोलणं, जे ती कुणी ऐकत असो वा नसो चालूच ठेवी. उन्हाळ्यात चुलीवर सुकट भाजली जायची आणि तो वास रस्त्यापर्यंत जाऊन मला घरी ओढून आणायचा. सुकट, त्यात कैरीच्या फोडी, नाचणीची भाकरी. पावसाळ्यात भारंगीची भाजी, जी कडू लागते अशी तक्रार केली तर आई म्हणे, ‘कडूच हाय ती, तुला काय पेढा वाढलाय?’ थंडीत नव्या तांदळाचा भात, ज्याच्या वासानेच अर्धं पोट भरायचं.

आम्हा पोरांना महिन्यांची नावं शाळेपुरती लागत. एरवी वर्ष कळायचं ते काय करायला मिळतं त्यावरून. सावर फुलली की तिच्या बोंडांची भिरकावणी. मग करवंदं, मग जांभळं. पावसात ओढ्याच्या दगडांखालचे खेकडे, आणि धुक्यात एकमेकांना शोधायचा खेळ, ज्यात एकदा इसाक दोन तास सापडला नाही, कारण तो कंटाळून घरी जाऊन जेवायला बसला होता. इसाक माझा मित्र. त्याचे वडील लोणावळा स्टेशनवर टांगा चालवत. आम्ही दोघं मिळून पाखरांचे आवाज काढायला शिकलो. इसाक होला आणि भारद्वाज करायचा. मला सगळं यायचं, पण पावशा असा यायचा की खरा पावशा उत्तर देई. मला त्याचा गर्व होता. माझ्याकडे गर्व करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. गणितात मी बैलांच्या बरोबरीचा होतो.

गेनू तात्या आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये एक निवडुंगाची रांग. काटकुळे, उंच, आणि कान मात्र मोठे, बाहेर आलेले. वाडीतलं कुणीही राब पेरायला घेण्याआधी तात्यांना विचारायचं. राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा. पालापाचोळा, शेण आणि फांद्या अंथरून ती भाजायची, आणि पावसाच्या तोंडावर कोरड्या राखेतच भात फोकायचं, म्हणजे मुठीने विखरून पेरायचं. लवकर फोकलं तर मुंग्या नेतात, उशीर झाला तर पाऊस वाहून नेतो. हा मधला दिवस तात्या सांगत. त्यांचा नियम साधा होता: घाटाच्या अंगाने, ऐनाच्या झाडांतून, ओळीने तीन पहाटा पावशा बोलला पाहिजे. दोन पहाटा चालत नाहीत. पुण्याच्या अंगाने बोलला तर चालत नाही. ‘तिकडचा पावशा पुण्याच्या लोकास्नी सांगतोय,’ ते म्हणायचे. तात्यांकडे जमीन थोडी, बैल एकच, बायको लवकर गेलेली. पण जेठाच्या महिन्यात मोठमोठे खातेदार त्यांच्या ओट्यावर येऊन अदबीने बसत, आणि तात्या चहा पीत बसून त्यांना थांबायला लावत. वर्षातला तो एक आठवडा ते राजे होते.

आता माझ्या गुन्ह्याचं कारण. इसाकची खाला, म्हणजे मावशी, आंबीला राहायची. तिथे इंद्रायणीला एक डोह होता. पाऊस पडायच्या आधी त्याचं पाणी असं नितळ असे की तळातले गोटे मोजावेत, आणि पाऊस पडला की नदी लाल होऊन दोन्ही काठ खात सुटायची, मग दिवाळीपर्यंत पोहणं बंद. इसाक चार दिवसांसाठी निघाला होता आणि मला चल म्हणाला. मी भाऊंना विचारलं.

‘पेरणी झाल्यावर जा,’ भाऊ म्हणाले.

‘पेरणी झाल्यावर पाऊस येतो.’

‘मग? पेरणी कशासाठी करत्यात?’

‘पाऊस आला की डोह गढूळ हुतो, भाऊ.’

‘मग पावसाला सांग थांब म्हणून. आनि पेरणी झाल्याबिगर हितनं हालायचं न्हाई.’

मी दोन दिवस विचार केला. आयुष्यात इतका नेटका विचार मी पुन्हा कधी केला नसेल. पावसाआधी जायचं आहे. पेरणीआधी जाता येत नाही. म्हणजे पेरणीच पावसाच्या बरीच आधी झाली पाहिजे. पेरणी तात्या ठरवतात. तात्यांना पावशा सांगतो. हे सगळं मी इसाकला बोटांवर मोजत सांगितलं. तो घोड्याला खरारा करत होता. त्याने हात थांबवला आणि म्हणाला, ‘तीन दिवस पहाटं उठावं लागंल तुला.’ या बेतात त्याला एवढीच अडचण दिसली.

पहिल्या पहाटे मी ऐनाच्या झाडाला टेकून उभा राहिलो. खाली तात्या राखुंडीने दात घासत अंगणात आले. मी ओंजळ धरली. पहिल्या ‘पेर्ते व्हा’लाच त्यांचं बोट तोंडात थांबलं. मी सूर चढवत टिपेला नेला आणि थांबलो. तात्यांनी चूळ भरली, घाटाकडे तोंड करून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, ‘आलास का? या वर्षी लवकर आलास बाबा.’ मला हसू फुटलं, ते मी झाडाच्या सालीत दाबलं. मग मात्र अंगावर काटा आला, कारण ते माझ्याशी बोलत होते.

दुसऱ्या पहाटे आमच्या वाडीचं एक कुत्रं माझ्या मागे आलं. मी आवाज काढला की ते झाडाखाली बसून माझ्याकडे बघत भुंके. मी टिपेला गेलो की तेही टिपेला. तात्यांच्या ओट्यावर तोवर दोघं-तिघं जमले होते. मला वाटलं, संपलं. पण तात्या त्यांना समजावत होते, ‘बघा, कुत्र्याला बी कळलंय. जनावरास्नी आधी कळतं.’ तिसऱ्या पहाटे माझा घसा धरला होता. दोन दिवसांच्या गार हवेने सूर फाटला, ‘पेर्ते’ निघालं पण ‘व्हा’ निघेना. मी तसाच रेटला. नंतर आई गायीचं दूध काढता काढता भाऊंना सांगताना मी ऐकलं, तात्या म्हणाले, पाखराचा घसा बसलाय, लांबनं आलाय, म्हंजी पाऊस लय हाय या वर्षी.

दोन दिवसांत सगळ्या वाडीने राब पेरले. भाऊंनी शेवटची मूठ फोकली आणि म्हणाले, ‘जा आता.’ मी गेलो. पॅसेंजरने तळेगाव, तिथून पायी आंबी. आज आंबीला कारखाने आहेत, डोहाच्या कडेला कुंपण आहे आणि पाण्याचा रंग मी लिहीत नाही. पण तेव्हाचे ते चार दिवस माझ्या बालपणातले सर्वांत सुंदर दिवस होते, हे मला कबूल केलंच पाहिजे, कारण पश्चात्ताप त्यामुळेच अवघड झाला. आम्ही सकाळपासून पाण्यात असू. गोटा हातात धरून तळाला बसायचं आणि डोळे उघडे ठेवून वर बघायचं, तर सूर्य पिठात पडलेल्या अंड्यासारखा दिसायचा. खाला कैरी घालून मासे करायची आणि तांदळाच्या भाकरी थापता थापता विचारायची, ‘पेरलं का तुमच्यात? एवढ्या लवकर?’ इसाक माझ्याकडे बघून म्हणायचा, ‘त्यांच्याकडं पावशा लवकर आला, खाला.’ आणि आम्ही घास नाकात जाईपर्यंत हसायचो.

परत आलो त्या संध्याकाळी वळवाची एक जोरदार सर पडली. तासभर. चौथ्या दिवशी राबांवर हिरवी लव उभी राहिली आणि वाडीत तात्यांचा जयजयकार झाला. वराळ्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला, ‘असा मानूस आमच्यात पायजे हुता.’ तात्या नुसते कान खाजवत राहिले. मी खूश झालो. मला वाटलं, मी कुणाचं वाईट केलं नाही, उलट वाडीला चार दिवस पुढे नेलं. आपणच पावशा असावं असंही मला एकदा वाटून गेलं.

मग पाऊस आलाच नाही. ऊन असं पडलं की बैल सावलीतून उठेनात. लव आधी पिवळी झाली, मग करडी, मग राखेत राख मिळाली. जिथे उगवलं नव्हतं तिथलं मुंग्यांनी नेलं. मुंग्या भाताचे दाणे डोक्यावर घेऊन आमच्या ओट्याखालून ओळीने जात आणि आई त्यांना शिव्या देत बसे. दुसरं बियाणं नात्यागोत्यांतून उसनं आणायला लागलं. माणसं उपाशी राहिली नाहीत, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. पण मारुतीच्या पारावर जी बैठक बसली तिला मी भाऊंच्या मागे बसून होतो.

‘तात्या, खरंच ऐकलंतं का?’ एकाने विचारलं.

‘तीन पहाटा ऐकलं. तुमी बी हुता की.’

‘आमी तुमच्या तोंडाकडं बघत हुतो. तुमी मान हालवली, आमी हालवली.’

‘कुटल्या अंगानं बोलला म्हनायचा?’ दुसऱ्याने विचारलं.

‘घाटाच्या.’

‘घाटाचा न्हाई, तुमच्या डोक्यातला बोलला असंल!’ आणि सगळे हसले. भाऊही हसले. तात्यांनी एकेकाकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि थांबली नाही. मी तेव्हाच उठायला हवं होतं. मी उठलो, पण पाणी प्यायला.

त्यानंतर वाडीने त्यांचं नाव पावशा ठेवलं. ते रस्त्याने चालले की पोरं झाडामागून ‘पेर्ते व्हा’ ओरडत. मला पाखरांचे आवाज येतात एवढं पोरांना माहीत होतं, मोठ्यांना नव्हे, तेव्हा पोरं म्हणाली, तू का ओरडत न्हाईस? मी नाही ओरडलो असतो तर संशय आला असता. म्हणून मी ओरडलो. पण मुद्दाम वाईट ओरडलो, कोंबड्यासारखा. तात्यांनी वळून पाहिलं आणि जवळजवळ मायेने म्हणाले, ‘असं न्हाई रं. ऱ्हाऊ दे, तुला न्हाई जमायचं.’

पंधरा-वीस दिवसांनी खरा पावशा आला. घाटाच्या अंगाने, ऐनावरून, ओळीने तीन पहाटा, अगदी स्पष्ट. कुणीही हाललं नाही. भाऊ तात्यांच्या ओट्याशी गेले, मी मागे. तात्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले होते. भाऊंनी हातवारे करून झाडाकडे दाखवलं. पाखरू डोक्यावर टिपेला गेलं होतं. तात्या शांतपणे म्हणाले, ‘मला काय ऐकू येत न्हाई. रेडिओवाल्याला इचार.’ लोणावळ्याच्या हॉटेलातला रेडिओ ऐकायला माणूस धाडला, तो गाणी ऐकून परत आला. तोवर पाऊस आला. मग बियाण्याला मोड काढून वाडीने चिखलातच कसंबसं फोकलं. त्या वर्षापासून उन्हाळा संपत आला की तात्या कानांत कापूस घालत आणि आभाळ भरून आलं की काढत. त्यांच्या ओट्यावर मोठे खातेदार पुन्हा कधी बसले नाहीत. ओटा तसाच राहिला, झाडलेला.

सांगायचा प्रयत्न मी केला, हे नोंदवून ठेवतो. नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला गेलो आणि सांगायचं ठरवलं. वैशाख होता. मी सगळं सांगितलं, अगदी इसाकचा खरारासुद्धा, आणि शेवटी तात्यांनी एक बोळा काढून विचारलं, ‘पगार किती म्हनालास?’ दुसऱ्यांदा माझ्या लग्नात ते जेवायला बसले होते तेव्हा वाकून कानाशी म्हणालो, ‘तात्या, तो पावशा मी होतो.’ ते म्हणाले, ‘पावशा नको, पोट भरलं,’ आणि ताटावर हात आडवा धरला. काय वाढायला आलो असं त्यांना वाटलं कोण जाणे. भाऊंना सांगायचं मी त्यांच्या शेवटच्या आजारपणात ठरवलं होतं. पण भाऊ त्या दिवशी बरे होते, चक्क हसत होते, आणि मी म्हटलं, उद्या. इसाकला मात्र हे कधी टोचलं नाही. तो परवाही म्हणाला, ‘डोह तर मिळाला न्हवं?’

शेवटी तात्या खरंच बहिरे झाले. त्यांच्या मुलाने खाचरं विकून सिमेंटचं घर बांधलं, तिथल्या गॅलरीत ते खाटेवर असत. मी कळवलं नव्हतं, नुसता गेलो. या खेपेला मी पूर्ण तयारीने गेलो होतो. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं, म्हणजे कानांची अडचण येऊ नये. सून चहा ठेवायला आत गेली. मी खिशातून कागद काढला, आणि तात्यांनी माझा हात मनगटाशी धरला. त्यांचे डोळे चांगले होते. त्यांनी मला ओळखलं.

‘तू आलास ते बरं झालं,’ ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, तसा होता. ‘तुज्या बापाला एक सांगायचं राह्यलं. त्या वर्षी तुमचं बी माज्या शब्दावर गेलं. सगळ्यांचंच गेलं, पन बाकीचे हसले आनि मोकळे झाले. तुजा बाप बी हसला, पन दुसऱ्या दिवशी येऊन माजा राब त्यानंच नांगरून दिला. काय बोलला न्हाई. आनि मी त्याला कदी म्हनलो न्हाई, चुकलं माजं. मी ऐकलंतं रं. पन ऐकलं म्हनून काय झालं? तुमी माज्यावर इस्वास टाकलाता.’

माझ्या हातात कागद होता. तो चार घड्यांचा होता आणि त्याची एकच घडी उघडली होती.

‘तो तर गेला,’ तात्या म्हणाले. ‘आता तूच हाईस त्या घरचा. तू म्हन, माफ केलं म्हनून. मला ऐकू येनार न्हाई, पन तोंडाकडं बघून कळंल.’

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडायला हवं ते मला शब्दशः पाठ होतं. येताना रिक्षात मी ते चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

‘केलं, तात्या,’ मी सावकाश, ओठ नीट हलवत म्हणालो. ‘माफ केलं.’